दुपारचं ऊन, पहाटेचं पाणी: कोल्हापूरच्या हॉटेलांतल्या सौरबंबांचा आढावा

महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडप आणि तिथून स्टेशन रोडपर्यंतच्या लॉजमध्ये काउंटरच्या मागे एक पाटी हमखास दिसते: 'गरम पाण्याची वेळ सकाळी ५ ते ९'. वेळ थोडी मागेपुढे असेल, मजकूर तोच. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस आधी अंघोळ उरकतो आणि मग रांगेत उभा राहतो. मुंबईहून रात्रभर प्रवास करून महालक्ष्मी एक्स्प्रेसने उतरलेलं कुटुंब, सोलापूर-लातूरकडून पहाटेच्या एसटीने आलेली माणसं, कर्नाटकातून गाडी करून आलेले भाविक, सगळ्यांना गरम पाणी एकाच वेळी लागतं. काकड आरती गाठायची असेल तर सूर्य उगवायच्याही आधी लागतं.

म्हणजे ज्या घटकेला पाण्याची गरज सर्वांत जास्त, त्या घटकेला ऊन अजिबात नसतं. हॉटेलांसाठी उन्हावर पाणी तापवण्याचा सगळा प्रश्न या अंतरातून उभा राहतो. शहरातल्या गच्च्यांवर आज सौरबंबाच्या टाक्या जागोजागी आहेत. काही वर्षानुवर्षं चोख चालल्या आहेत, काहींच्या नळ्या फुटून टाकी नुसती उभी आहे आणि खाली खोल्यांत पुन्हा गीझर लागले आहेत. या दोन्ही प्रकारच्या गच्च्यांवर ऊन सारखंच पडतं. मग फरक कुठे पडतो, हे तपासणं हा या लेखाचा हेतू आहे. माझं म्हणणं आधीच मांडतो. कोल्हापुरात सौरबंब चालतो. जिथे तो फसतो तिथे साठा, पाइप, पाण्याची प्रत आणि निगा या चार ठिकाणी फसतो, आणि पावसाळ्याची जोड आधी न ठरवल्यामुळे फसतो.

बंबफोडीपासून गीझरपर्यंत

जुन्या कोल्हापुरात न्हाणीघरातला तांब्याचा बंब आणि त्यात घालायची बंबफोड घराघरांत होती. लॉज आणि धर्मशाळांमध्ये तोच बंब मोठा होऊन लाकडाचा बॉयलर झाला. धूर, राख, लाकडाचा साठा आणि पहाटे तीनला उठून जाळ घालणारा माणूस हे सगळं त्याच्याबरोबर आलं. मग गीझर आले, गॅसचे बंब आले, काही मोठ्या हॉटेलांनी डिझेलचे बॉयलर बसवले.

या सगळ्यांची तुलना करायची तर एक माप धरावं लागेल: १,००० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेणं. त्याला ३५,००० किलोकॅलरी उष्णता लागते, विजेच्या भाषेत सुमारे ४१ युनिट. गीझरमध्ये वाया जाणारी उष्णता धरली तर ४५ युनिटच्या आसपास वीज जळते. एलपीजीवर ८० टक्के कार्यक्षमता मिळाली तरी सुमारे ४ किलो गॅस लागतो, म्हणजे १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर पाच दिवसही पुरत नाही. लाकडावर, बॉयलर बरा असेल तरी, १८ ते २० किलो लाकूड रोज.

विजेच्या बाबतीत आणखी एक खर्च पटकन लक्षात येत नाही. वीस खोल्यांत प्रत्येकी २ किलोवॅटचा गीझर असेल आणि सकाळी सहाला सगळे चालू झाले, तर एकट्या अंघोळीचा भार ४० किलोवॅट होतो. तेवढा मंजूर भार घ्यावा लागतो, त्याचा स्थिर आकार महिनाभर भरावा लागतो, जनरेटरही तेवढा मोठा लागतो. गॅस गीझरचा धोका तर जिवाशी आहे. हवा खेळती नसलेल्या बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. पाहुण्यांच्या खोलीतल्या बंद न्हाणीघरात असा गीझर कुणीही बसवू नये.

कोल्हापूरचं ऊन

कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. इथे दर चौरस मीटरवर दिवसाला पडणाऱ्या उन्हाची वर्षभराची सरासरी ५ युनिटच्या आसपास भरते. एप्रिल-मेमध्ये ती ६ च्या पुढे जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ४ च्या खाली येते. दिवाळीपासून होळीपर्यंत आकाश निरभ्र असतं, पहाटे गारठा असतो आणि पाहुण्यांची वर्दळही असते. सौरबंबासाठी याहून चांगला काळ नाही. उन्हाळ्यात पाणी गरजेपेक्षा जास्त तापतं. अडचण जून ते सप्टेंबरची, आणि ती मोठी आहे.

सूर्याच्या मार्गाचा अभ्यास या शहराला नवा नाही. अंबाबाई मंदिरातला किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या तारखांच्या सुमारास होतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेपासून हे दोन्ही काळ जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच जागी मावळतो आणि त्याची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. या मार्गात कुठली इमारत, कुठली टाकी, कुठला फलक आडवा येतो, याची मोजणी आणि चर्चा शहराने वर्षानुवर्षं केली आहे. गच्चीवर पॅनेल बसवताना तेच शास्त्र लागू होतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं. हिवाळ्यात जास्त उष्णता मिळावी म्हणून कल २५ ते ३० अंश ठेवतात. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेला ३ मीटर उंचीची भिंत किंवा जिन्याची खोली असेल तर दुपारी बारालाही तिची सावली अडीच मीटर पडते. सकाळी आणि संध्याकाळी ती कितीतरी लांब जाते. पेठांमधल्या दाटीवाटीच्या इमारतींत शेजारचा एक मजला वाढला की आपलं दोन तासांचं ऊन जातं. यंत्रणा घेण्याआधी डिसेंबर-जानेवारीत एक दिवस गच्चीवर सावली कुठून कुठे सरकते ते खडूने आखून ठेवावं. त्याला पैसे पडत नाहीत आणि पुढची बरीच फसगत टळते.

सपाट पॅनेल की काचेच्या नळ्या

उन्हाने पाणी तापवण्याचा धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये 'क्लायमॅक्स' नावाच्या सौर पाणीतापकाचं पेटंट घेतलं. त्यात पाणी तापायचं आणि साठायचं एकाच पेटीत, त्यामुळे रात्री ते गार व्हायचं. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी तापवणारा भाग वेगळा आणि उष्णता धरून ठेवणारी टाकी वेगळी केली. त्यांच्या यंत्राचं नावच 'डे अँड नाइट' होतं. दुपारचं ऊन पहाटेपर्यंत टिकवायचं हा कोल्हापूरच्या लॉजचा प्रश्न सोडवणारी मूळ कल्पना तीच.

आज बाजारात दोन प्रकार आहेत. सपाट पॅनेलमध्ये, ज्याला डीलर एफपीसी म्हणतात, काचेखाली काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या असतात. साधारण २ चौरस मीटरचं एक पॅनेल दिवसाला १०० ते १२५ लिटर पाणी तापवतं. दुसरा प्रकार निर्वात काचनळ्यांचा, म्हणजे ईटीसी. दुहेरी काचेच्या मधली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे थर्मासप्रमाणे उष्णता बाहेर जात नाही. १०० लिटरला साधारण १० मोठ्या नळ्या लागतात. चीनमधून स्वस्त नळ्या येऊ लागल्यावर या प्रकाराने बाजार व्यापला.

किंमत कमी आणि ढगाळ, गार हवेत कामगिरी बरी, या ईटीसीच्या जमेच्या बाजू. नळी नाजूक, तळाशी गाळ आणि क्षार साचतात, टाकी कोरडी पडली तर नळ्या धोक्यात, या उणिवा. एफपीसी महाग आणि जड असतं, पण निगा राखली तर वर्षानुवर्षं टिकतं. मात्र क्षारयुक्त पाण्यात त्याच्या बारीक तांब्याच्या नळ्या चोंदतात. मोठ्या हॉटेलांना कॉइलची, म्हणजे उष्णता-विनिमयाची सोय असलेली एफपीसी यंत्रणा बहुतेक वेळा किफायतशीर पडते. लहान लॉजला चांगल्या प्रतीची ईटीसी पुरते. घेताना भारतीय मानक पाहावं: एफपीसीला आयएस १२९३३, ईटीसीला आयएस १६५४४.

साधारण ५०० लिटरपर्यंत पंप लागत नाही. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं. त्यापुढे पंप आणि पॅनेल-टाकीच्या तापमानातला फरक ओळखणारा कंट्रोलर लागतो. टाकीभोवती किमान ५० मिलिमीटर पफचं, म्हणजे उष्णतारोधक फोमचं, आवरण असावं. चांगल्या टाकीत रात्रभरात पाणी चार-पाच अंशांनी उतरतं. तापमान त्याहून फार जास्त उतरत असेल तर पहाटेचा पाहुणा गार पाण्यावर जातो.

बादलीचा हिशेब

यंत्रणा किती लिटरची घ्यावी, हा प्रश्न आला की डीलर खोल्या मोजतो. मोजायची असते ती अंघोळ. लॉजमध्ये बादली आणि तांब्या असेल तर माणूस साधारण दीड बादली, म्हणजे ३० लिटर पाणी घेतो. ते पाणी ४२ अंशांचं हवं. टाकीत ६० अंशांचं पाणी आणि नळाला २५ अंशांचं असेल, तर त्या ३० लिटरमध्ये टाकीचं गरम पाणी १५ लिटरच लागतं. शॉवर असेल तर मिनिटाला ८ ते १० लिटर पडतं. सात मिनिटांत ६०-७० लिटर होतं आणि त्यात गरम पाणी तीसेक लिटर जातं. म्हणजे बादली ठेवायची की शॉवर, या एका निर्णयाने यंत्रणेचा आकार दुप्पट होतो.

वीस खोल्यांचा आणि भरल्या दिवशी पन्नास माणसांचा लॉज धरू. बादलीवर ७५० लिटर पुरतं, शॉवरवर १,५०० लागतं. मधला मार्ग १,००० लिटरचा आणि कमी पाणी सोडणाऱ्या शॉवरचा. अशी यंत्रणा वर्षातले २५० चांगल्या उन्हाचे दिवस पूर्ण तापली आणि ढगाळ दिवसांत थोडीफार तापली, तर वर्षाला साधारण ११,००० युनिट उष्णता मिळते. पण लॉज रोज भरत नाही. मंगळवार, शुक्रवार, शनिवार-रविवार, नवरात्र, मे महिना आणि नाताळची सुट्टी सोडली तर खोल्या रिकाम्या असतात, आणि न वापरलेलं गरम पाणी दुसऱ्या दिवसासाठी फार उपयोगी पडत नाही. पासष्ट टक्के वापर धरला तर खरी बचत ७,००० युनिटच्या आसपास येते. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला सत्तर हजार रुपये. जाहिरातीत १०० लिटरमागे वर्षाला १,५०० युनिट बचतीचा आकडा असतो. तो वर्षभर रोज पूर्ण वापराचा, वरच्या टोकाचा आकडा आहे. हॉटेलवाल्याने आपल्या नोंदवहीतून, म्हणजे महिन्याला किती खोल्या भरल्या यावरून हिशेब करावा. तो थोडा कमी आला तरी यंत्रणा काही वर्षांत वसूल होते, आणि अपेक्षाभंग होत नाही.

नेमकं कुठे फसतं

पहिली जागा पाइपची. टाकी पाचव्या मजल्याच्या गच्चीवर आणि खोली पहिल्या मजल्यावर, मध्ये ४० मीटर पाइप. २५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये मीटरला जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावतं. पहाटे पाच वाजता पाहुणा नळ सोडतो तेव्हा त्या पाइपमधलं २० लिटर गार पाणी आधी बाहेर पडतं. एक पूर्ण बादली. पाहुणा म्हणतो, 'सोलर चालत नाही', आणि गीझरचं बटण दाबतो. टाकीत मात्र ६० अंशांचं पाणी तसंच असतं. यावर उपाय परतीच्या लाइनचा: गरम पाण्याची मुख्य लाइन पुन्हा टाकीकडे आणून, एक लहान पंप लावून पहाटे साडेचारला टायमरवर फिरवायचा. पाइपला आवरण हवंच. यंत्रणेच्या खर्चात हा भाग लहान असतो, आणि खर्च छाटायचा म्हटलं की सर्वांत आधी तोच छाटला जातो.

दुसरी जागा टाकीतल्या हीटरची. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेचा हीटर असतो. तो थर्मोस्टॅटवर कायम चालू ठेवला तर काय होतं पाहा. सकाळी आठपर्यंत पाहुण्यांनी गरम पाणी वापरलं, टाकीत गार पाणी भरलं, थर्मोस्टॅटने ते ओळखलं आणि हीटर लगेच सुरू झाला. दहा वाजता ऊन चढेपर्यंत टाकी विजेनेच तापलेली असते. दिवसभराच्या उन्हाला करायला काही उरत नाही. गच्चीवर सौरयंत्रणा असते आणि बिल गीझरचंच येतं. हीटरला टायमर लावून तो पहाटे तीन ते पाच एवढाच, आणि टाकीतलं पाणी खरोखर गार असेल तरच चालू व्हावा, एवढी साधी सोय पुष्कळ वीज वाचवते.

तिसरी जागा पाण्याच्या प्रतीची. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असले की ते तापलेल्या भागावर थर धरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. सौरयंत्रणेसाठीही तीच पातळी धोक्याची खूण मानावी. त्यापुढे पाणी मऊ करणारं यंत्र किंवा कॉइलची यंत्रणा घ्यावी. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइनने शहरात पोचलं. ज्या हॉटेलला धरणाचं पाणी मिळतं त्याने निदान गरम पाण्याची टाकी तरी त्याच पाण्यावर ठेवावी आणि बोअरचं पाणी फ्लशला, धुण्याला वापरावं.

चौथी जागा निगेची. उन्हात कोरड्या पडलेल्या काचनळीचं तापमान खूप चढतं. दुपारी पाणी आलं म्हणून घाईने व्हॉल्व्ह सोडला की गार पाणी तापलेल्या काचेला लागतं आणि नळी तडकते. एक नळी फुटली की साध्या यंत्रणेतलं सगळं पाणी तिथून वाहून जातं. पाणी सोडायचं ते सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे, एवढं गच्चीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. हवा जाण्याचा पाइप चोंदला तर टाकी फुगते किंवा आत दबते. टाकीतला मॅग्नेशियम रॉड झिजून संपला की टाकीला आतून गंज लागतो. वर्ष-दोन वर्षांनी तो बदलायला लागतो, पण तो बदलायचा असतो हेच पुष्कळ ठिकाणी मालकाला सांगितलेलं नसतं.

आरोग्याचाही एक मुद्दा आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर अनेकांना न्यूमोनिया होऊन काही दगावले. त्यातून सापडलेल्या जिवाणूला लीजिओनेला नाव मिळालं. तिथे संशय वातानुकूलन यंत्रणेवर होता, पण हा जिवाणू साठवलेल्या कोमट पाण्यातही वाढतो. म्हणून पावसाळ्यात ३५-४० अंशांवर दिवसेंदिवस पडून राहिलेलं टाकीतलं पाणी तसंच शॉवरला सोडणं योग्य नाही. साठा ६० अंशांवर न्यावा आणि नळापाशी गार पाणी मिसळून द्यावं.

पावसाळ्याचे चार महिने

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरीकडे तो कितीतरी पटींनी वाढतो. नेमकं याच दिवसांत पर्यटक पन्हाळ्यावर धुकं बघायला, दाजीपूर-आंबोलीकडे धबधबे बघायला येतात आणि ओले होऊन खोलीवर परततात. श्रावणात मंदिरातली गर्दी वाढते. सलग आठ-दहा दिवस ऊन दिसत नाही तेव्हा कुठलीही सौरयंत्रणा एकटी पुरत नाही, आणि पुरेल असं सांगणारा विक्रेता ग्राहकाची दिशाभूल करतो.

जोड कशाची घ्यावी? लाकडाचा बॉयलर स्वस्त पण धुराचा. ऊसपट्ट्यात बगॅसच्या ब्रिकेट मिळतात, त्या मोठ्या हॉटेलच्या बॉयलरला चालतात, पण दाट वस्तीत साठवणुकीला जागा नाही. गॅस सोयीचा, पण महाग. सर्वांत समर्पक जोड आज हीट पंपाची दिसते. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि विजेच्या एका युनिटमागे सुमारे तीन युनिट उष्णता मिळते. म्हणजे १,००० लिटरला गीझरच्या ४५ युनिटऐवजी १३-१४ युनिट. हवा जितकी उबदार तितकं त्याचं काम सोपं, म्हणून तो पहाटे चालवण्यापेक्षा दुपारी चालवून टाकी भरून ठेवावी. कोल्हापूरची पावसाळी हवा दमट असते पण कडक थंड नसते, त्यामुळे इथे तो वर्षभर चांगला चालतो.

पुराचा विचारही इथे करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्कसारख्या भागांत शिरलं. तळमजल्यावरचे बॉयलर, पॅनेल बोर्ड, जनरेटर पाण्यात गेले की हॉटेल कित्येक आठवडे उभं राहत नाही. गरम पाण्याची सगळी यंत्रणा, जोडीच्या हीट पंपासकट, गच्चीवरच ठेवणं हा पूररेषेजवळच्या हॉटेलांसाठी शहाणपणाचा निर्णय आहे.

सौर वीज हा नवा स्पर्धक

गेल्या काही वर्षांत चित्र बदललं आहे. सौर विजेची पॅनेल स्वस्त झाली आणि मालक विचारू लागले: गच्चीवर पाणी तापवायचं की वीज तयार करायची? पाणी तापवणारं पॅनेल उन्हातली निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता वापरतं, विजेचं पॅनेल २०-२२ टक्केच. म्हणून एकेकाळी हा प्रश्नच नव्हता. आता हीट पंप मध्ये आल्याने गणित जवळ आलं आहे.

१,००० लिटरच्या सौरबंबाला टाक्या आणि फिरायला वाट धरून साधारण ३० चौरस मीटर गच्ची लागते आणि चांगल्या उन्हात ४० युनिट उष्णता मिळते. त्याच जागेत ३ ते ४ किलोवॅटची सौर वीज बसते, दिवसाला १२ ते १६ युनिट देते, आणि ती हीट पंपाला दिली तर ३६ ते ४८ युनिट उष्णता होते. म्हणजे बरोबरी. फरक पुढे आहे. खोल्या रिकाम्या असतील त्या दिवशी सौरबंबातलं पाणी वाया जातं, सौर वीज मात्र नेट मीटरिंगने ग्रिडला जाऊन खात्यावर जमा होते. नळी फुटणं, क्षार साचणं हे प्रश्नही विजेच्या पॅनेलला नाहीत. उलट सौरबंबाला वीजच लागत नाही किंवा अगदी थोडी लागते, यंत्र साधं आहे आणि सुरुवातीचा खर्च कमी.

माझा निष्कर्ष असा. आधीच चालू स्थितीतला सौरबंब असेल तर तो काढू नये. परतीची लाइन, टायमर आणि हीट पंप यांची जोड देऊन तो पूर्ण कामाला लावावा. वर्षभर भरलेली भक्तनिवासं, वसतिगृहं, रुग्णालयं इथे सौरबंब आजही पहिली निवड आहे, कारण तिथे रोज पाणी संपतं. शनिवार-रविवारी भरणाऱ्या आणि एरवी अर्ध्या रिकाम्या हॉटेलने मात्र नवी यंत्रणा घेताना सौर वीज आणि हीट पंपाचा हिशेब जरूर मांडावा.

स्वयंपाकघर आणि धुणं

गरम पाण्याची चर्चा अंघोळीवर थांबते, पण तांबडा-पांढरा रस्सा करणाऱ्या खानावळीपासून मोठ्या रेस्टॉरंटपर्यंत सगळ्यांना भांडी, चादरी, टॉवेल यांसाठी ते लागतं, आणि लागतं तेही दिवसा. म्हणजे इथे ऊन आणि गरज यांची वेळ जुळते. स्वयंपाकाचं पाणी २५ अंशांऐवजी ६० अंशांवरून उकळायला घेतलं तर ७५ अंशांऐवजी ४० अंशच चढवावे लागतात. गॅस जवळजवळ निम्मा वाचतो. मात्र त्यासाठी टाकी स्टेनलेस स्टीलची, कॉइलची आणि पिण्यायोग्य पाण्याची हवी. उन्हावर मोठा स्वयंपाक होऊ शकतो हे शिर्डीने दाखवलं आहे. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये शेफलर पद्धतीच्या ७३ परावर्तक तबकड्या बसवून वाफेवरचा स्वयंपाक सुरू झाला.

सरकारने काय केलं

जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत २ कोटी चौरस मीटर सौर उष्णता पॅनेलचं लक्ष्य ठेवलं होतं. महाराष्ट्रात महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेमार्फत अनुदानाच्या योजना राबवल्या गेल्या. सौरबंबावरचं केंद्राचं ३० टक्के भांडवली अनुदान २०१४ मध्ये थांबलं. व्यावसायिकांना मिळणारा ८० टक्के वेगवान घसारा एप्रिल २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला. जीएसटी जुलै २०२२ मध्ये ५ वरून १२ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा ५ टक्क्यांवर उतरला. दरम्यान सरकारचं सगळं लक्ष सौर विजेकडे वळलं. फेब्रुवारी २०२४ ची पीएम सूर्यघर योजना घरांच्या विजेसाठी आहे. सूर्यमित्र प्रशिक्षणही मुख्यतः विजेच्या पॅनेलचं.

राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत मोठ्या इमारतींसाठी सौर पाणीतापक किंवा सौर विजेची तरतूद आहे. पण परवानगीच्या वेळी टाकी आणि पॅनेल पाहिलं जातं. पाच वर्षांनी त्यातून पाणी येतं का, हे कुणी पाहत नाही. इस्रायलने १९८० मध्ये नव्या घरांना सौरबंब सक्तीचा केला आणि तिथे तो सर्वत्र रुजला. बार्बाडोससारख्या छोट्या बेटावर कर-सवलतींमुळे घरं आणि हॉटेलं दोन्हींत तो पसरला. आपल्या शेजारी बेंगळुरूत वीजजोडणीच्या अटी आणि बिलातली सूट यांमुळे तो घरोघरी गेला. तिन्हीकडे यंत्र बसवल्यावर ते दुरुस्त करणारी माणसंही गल्लोगल्ली तयार झाली. आपल्याकडची उणीव तिथे आहे.

कोल्हापूरला काय करता येईल

ही उणीव भरून काढायला कोल्हापूरइतकं सोयीचं शहर शोधून सापडणार नाही. उद्यमनगरातल्या कारागिरांनी पंप, इंजिनं आणि यंत्रांचे सुटे भाग करण्यात पिढ्या घालवल्या. शिरोली, गोकुळ शिरगावच्या वसाहती जवळ आहेत. टाकी वेल्ड करणं, कॉइल घडवणं, कंट्रोलर बसवणं हे इथल्या वर्कशॉपला नवं नाही. एकेका लॉजला वर्षभराचा देखभाल करार परवडत नाही, पण हॉटेल मालकांच्या संघटनेने पन्नास गच्च्यांचा एकत्र करार केला तर दोन-तीन तरुणांना पूर्णवेळ काम मिळेल आणि प्रत्येक यंत्रणा तीन महिन्यांतून एकदा तपासली जाईल. आयटीआयमध्ये प्लंबर आणि वायरमनच्या अभ्यासक्रमाला आठवडाभराचं सौरबंबाचं प्रात्यक्षिक जोडता येईल.

महापालिकेने परवानगी देताना पॅनेलबरोबर परतीची लाइन, पाइपचं आवरण आणि टायमरही तपासावा, आणि मिळकत कराच्या सवलतीचा विचार करताना यंत्रणा चालू असल्याचा वार्षिक दाखला मागावा. भक्तनिवासं आणि धर्मशाळा चालवणाऱ्या संस्थांनी गरम पाण्याच्या लाइनवर एक साधं मीटर बसवून रोज किती लिटर, किती अंशांचं पाणी दिलं याची नोंद वर्षभर ठेवली आणि जाहीर केली, तर डीलरच्या पत्रकापेक्षा भरवशाचे आकडे शहराला मिळतील. आणि हॉटेलमालकाने नवी यंत्रणा घेण्याआधी गच्चीवरची जुनी टाकी एकदा तपासून घ्यावी. परतीची लाइन, एक टायमर, चार नळ्या आणि एक मॅग्नेशियम रॉड एवढ्यावर ती पुन्हा चालू होण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याचा खर्च एका हंगामाच्या वीजबिलातून निघू शकतो.